हक्कसोड

रविवारच्या मिस्सेत, ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठण्याच्या थोडं आधी, शांतीचं अभिवादन असतं. अख्खं देऊळ (वसईत आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) हात जोडून डावीकडे वळतं, मग उजवीकडे. पाश्चात्त्य देशांत या ठिकाणी हस्तांदोलन करतात. भारतात हात जोडण्याला 1969 साली रोमची मंजुरी मिळाली. उपासनेच्या भारतीयीकरणाचे जे बारा मुद्दे तेव्हा मान्य झाले, त्यांतच हेही होतं. चांगलंच झालं. फक्त नमस्कारात एक सोय आहे, तो लांबून करता येतो. सामाईक विहिरीवरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ मी या क्षणी वर्षानुवर्षं पाहत आलोय. एक खांबाच्या अलीकडे बसतो, दुसरा पलीकडे. दोघंही हात जोडतात, मान लववतात, आणि दोघांच्याही माना अशा बेताने वळतात की मध्ये खांब यावा.

या अभिवादनाच्या मागे मत्तयच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला तो प्रसिद्ध उतारा आहे. अर्पण घेऊन वेदीपर्यंत आलेल्या माणसाला अचानक भावाची आठवण होते. येशू त्याला अर्पण तिथंच टाकून आधी भावाकडे जायला सांगतो. प्रवचनांत हा उतारा हमखास क्षमेच्या खात्यात जमा होतो. पण नीट वाचलं तर क्षमा करणाऱ्याला तिथं काहीच सांगितलेलं नाही. तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर, असं तो म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं म्हणतो. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्यानं उठायचं. आमच्या घरांत नेमकं उलट चालतं. जिच्यावर अन्याय झाला तिलाच सगळे समजावतात: सोड, माफ कर, प्रभूनं नाही का केलं. आणि विहीर ज्याच्या ताब्यात आहे तो शांतपणे रांगेत उभा राहून ख्रिस्तप्रसाद घेऊन येतो.

मला हे फार उशिरा उमगलं. 2011 च्या बऱ्याच नंतर.

त्याच्या आदल्या वर्षी वडील गेले. मागे राहिली 18 गुंठ्यांची वाडी: थोडी केळी, थोडी पानवेल, कडेला मोगरा. धाकटी बहीण आखातातून पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आली होती, म्हणून सगळं त्यातच बसवलं. चौथ्या दिवशी आई, दोघी बहिणी, दोन साक्षीदार आणि मी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर हक्कसोडपत्र आधीच टाईप करून आणलेलं. आईचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटेना. जन्मभर माती उपसून रेषाच राहिल्या नव्हत्या. कारकुनानं तो ओल्या फडक्यानं पुसायला लावला, दाबून धरायला लावला, चौथ्या खेपेला उमटला. मग त्यानं ठरावीक प्रश्न विचारला, राजीखुशीनं देताय ना? मधली बहीण हसली. म्हणाली, "भावालाच तर देतोय." बाहेर येऊन आम्ही सगळ्यांनी उसाचा रस घेतला. पैसे मी दिले.

आता हिशेब. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर आमच्याकडे 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. त्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना समान. मुलगा-मुलगी हा भेदच त्यात नाही. म्हणजे आईचे सहा गुंठे, आम्हा तिघांचे प्रत्येकी चार. त्या दिवशी मी पाच-सहा ग्लास रसाच्या बदल्यात चौदा गुंठे घेतले. तेही अशा गावात, जिथं वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहतायत आणि गुंठ्याचा भाव ऐकून वडिलांना वाटलं असतं आपल्या कानातच काही बिघाड झालाय.

केरळात ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथल्या जुन्या त्रावणकोर संस्थानात 1916 चा एक कायदा होता. मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. मेरी रॉय या बाईनं त्याला आव्हान दिलं आणि 1986 साली सर्वोच्च न्यायालयानं तिच्या बाजूनं निकाल दिला; तिथल्या ख्रिस्ती मुलींनाही 1925 चाच कायदा लागू ठरला. महाराष्ट्रात आम्हाला मेरी रॉयची गरज पडली नाही, कारण कायद्याशी आमचं भांडणच नव्हतं. आमच्याकडे कायदा आधीपासून चांगला होता आणि त्याला वळसा घालायची पद्धतही. शेजारच्या हिंदू घरांत 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क पक्का झाला, तिथंही हक्कसोडपत्राचा मसुदा शब्दाला शब्द हाच असतो. घरातला देव वेगळा, तलाठ्याकडचा फेरफार सारखाच. विश्वासाने आमच्या रोजच्या वागण्यात काय फरक पाडला, असं कुणी विचारलं तर मी नाताळचा गोठा दाखवीन. सातबारा दाखवायची हिंमत होणार नाही.

याला उत्तरं आहेत, आणि ती ऐकायला हवीत. पहिलं उत्तर असं की बहिणींनी स्वखुशीनं दिलं, प्रेमानं दिलेल्याचा कसला हिशेब? मधली बहीण खोटं हसली नव्हती, हे मलाही माहीत आहे. पण तिनं जे दिलं ते तिच्या हातात कधी आलंच नव्हतं. त्याग करायला आधी वस्तू आपली असावी लागते. आणि सही केली नाही तर काय होतं, हे तिनं गावात पाहिलेलं होतं: भाचीच्या लग्नाचं आमंत्रण पोस्टानं येतं. माहेर उघडं राहावं म्हणून बाईनं जे दिलं, त्याला दान म्हणायचं की भाडं?

दुसरं उत्तर शास्त्राचं. वाटणीचा वाद निघाला की कुणीतरी वडीलधारं माणूस करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला सहावा अध्याय काढतं. आपसांत कोर्टकचेरी करण्यापेक्षा अन्याय सोसलेला काय वाईट, असं पौल तिथं विचारतो. बहिणीला हे ऐकवायला फार सोयीचं. पण लगेच पुढच्याच वचनात पौल अन्याय करणाऱ्यावर उखडतो: तुम्ही तर आपल्याच भावांना लुबाडताय! ते वचन वाचायची वेळ येईपर्यंत पुस्तक मिटलेलं असतं.

लूकच्या शुभवर्तमानात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी करायला सांगा, आणि येशू साफ नकार देतो. हा आक्षेप मला जास्त जड वाटतो. प्रभूनंच जमिनीच्या भानगडीतून अंग काढून घेतलं तर आपण कोण? मी बरीच वर्षं या प्रसंगाआड लपलो. मग लक्षात आलं की तो न्यायाधीश व्हायला नाही म्हणतो आणि लगेच, त्याच दमात, एका श्रीमंताची गोष्ट सांगतो ज्याला आपली कोठारं अपुरी पडत होती. भानगडीत तो पडला नाही, पण लोभाचं नाव घेतल्याशिवायही राहिला नाही. आणि जुन्या करारात, गणना ग्रंथाच्या सत्ताविसाव्या अध्यायात, सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात, तेव्हा मोशे देवाला विचारतो आणि देव सांगतो की मुलींचं बरोबर आहे. इतक्या वर्षांत या पाच जणींवर एकही प्रवचन माझ्या कानावर आलेलं नाही. कदाचित माझंच लक्ष नसेल.

मराठी ख्रिस्ती माणूस घर आणि श्रद्धा यांविषयी लिहायला बसला की लक्ष्मीबाई टिळकांना वगळून पुढं जाता येत नाही. त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो एका दिवसाचा विधी होता. लक्ष्मीबाईंना मात्र त्याचे परिणाम वर्षानुवर्षं पुरले: ताटातूट, लोकांची बोलणी, मग परत येणं, सोवळ्याशी स्वतःची झुंज, आणि 1900 मध्ये त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. 1934 पासून भागाभागानं आलेली त्यांची 'स्मृतिचित्रे' आपण विनोदासाठी वाचतो, आणि विनोद आहेच. पण त्या विनोदाखाली एक हिशेबवही उघडी पडलेली दिसते. नवरा उदार होतो आणि त्या उदारपणाची भरपाई स्वयंपाकघरातून होते. टिळकांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण त्यांनी देवाला जे वाहिलं त्यात त्यांच्या एकट्याचं किती होतं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी कधी टोचून विचारला नाही, म्हणून तो संपत नाही.

आमच्या धर्मग्रामात कुटुंबावर बोलायला पाहुणे येतात. ते कृपया, धन्यवाद, क्षमा कर, हे तीन शब्द घरात रोज म्हणायला सांगतात. पोप फ्रान्सिस यांचा तो आवडता उपदेश होता. मी तो पाळतोही. पण जक्कय जकातदाराच्या घरी येशू पाहुणा म्हणून गेला तेव्हा जक्कयनं क्षमा मागितल्याचं लूकनं लिहिलेलं नाही. तो उभा राहिला आणि आकडे बोलला: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट.

गेल्या उपवासकाळात मी मधल्या बहिणीकडे गेलो. तिचं सासर दोन गावं सोडून. पहाटेची गाडी पकडून दादरच्या फूलबाजारात जायचं होतं म्हणून ती रात्रीच ओसरीत कळ्या निवडत बसली होती, ओल्या गोणपाटावर मोगऱ्याचा ढीग, पिवळ्या पडलेल्या कळ्या एका बाजूला. मी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं म्हणून टाकली. तिचे चार गुंठे, धाकटीचे चार, आईचे सहा होते त्यातलेही दोन-दोन. वकिलाशी बोललोय हेही सांगितलं. ती ऐकत होती, पण बोटं थांबली नाहीत. माझं बोलून झाल्यावर तिनं कादोडीत, आमच्या बोलीत, विचारलं, "दादा, हे वहिनीला विचारलंस?"

मी गोणपाटाकडे बघत राहिलो. विचारलं नव्हतं.