आधी संशयाचे कारण सांगा

‘कागद खरे असतील तर पोलिसांना भ्यायचे कशाला?’ खामगावच्या बसस्थानकावर बांगलादेशी घुसखोरांचा विषय निघाला, तेव्हा एक जण सहज बोलून गेला. ते वाक्य डोक्यातून जाईना.

घुसखोरी रोखलीच पाहिजे, खोटे जन्मदाखले रद्द झालेच पाहिजेत. त्यावर वाद नाही. पण माणसाची ओळख पटवणे वेगळे आणि तो या देशाचा आहे की नाही हे ठरवणे वेगळे. पहिले काम ठाणेदाराचे, दुसरे त्याचे नव्हे.

आपल्याकडच्या कागदांची गत कोणाला ठाऊक नाही? उसाच्या फडावर जन्मलेल्या लेकराची नोंद राहून जाते. शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून किंवा 1 जुलै लिहितात, तीच जन्मतारीख होते. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरे. कुणबी नोंदीसाठी कोतवाल बुके धुंडाळणाऱ्यांनी तहसीलचे हेलपाटे घातलेच आहेत. मग मुसलमान मजुराने उशिरा काढलेला दाखला तेवढा संशयास्पद कसा?

आणि ‘भ्यायचे कशाला’ हे पारध्यांना विचारून पाहावे. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा आणला. अशा जमातीत जन्मलेल्याने काही केलेले नसले तरी ठाण्यात हजेरी द्यायची. कायदा 1952 मध्ये गेला, पण चोरी झाली की आधी पारध्यांचा बेडा आठवण्याची खोड गेली नाही. एकदा अख्ख्या समाजावर संशय बसला की खरा कागदही कामी येत नाही.

अटक केलेल्याला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले की पुरे, असे म्हणायला मी बसलो होतो. आता ते अपुरे वाटते. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले. आसामातल्या एका माणसाला सर्वोच्च न्यायालयाने 11 जुलै 2024 रोजी भारतीय ठरवले. तोवर तो वारला होता. नागरिकत्व सिद्ध करण्याचा भार कायद्याने माणसावर टाकला असला, तरी ठोस आधाराशिवाय कोणाचेही दार ठोठावता येणार नाही, असे त्याच निकालात बजावले आहे.

म्हणून पोलिसांनी संशयाचे कारण आधी लेखी द्यावे, कागद मग मागावेत. वकील भेटल्याशिवाय आणि मूळ गावाहून उत्तर आल्याशिवाय कोणालाही सीमेकडे नेऊ नये. जो खरोखर परदेशी असेल त्यालाही हे लागू आहे, कारण संविधानाचे 21वे कलम प्रत्येक व्यक्तीसाठी आहे.