पुसलेला चेहरा

नवरात्र उठले की आमच्या घरी माळा झाडण्याचा विषय निघतो, आणि तो निघाला की माझी पाठ दुखू लागते. वर्षानुवर्षे ह्या पाठदुखीने मला तारले आहे. परंतु गेल्या खेपेला नातीने स्वतःच शिडी लावली, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली ओढली आणि माझ्यापुढे आणून आदळली. जुनी पंचांगे, पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका, किल्ली हरवलेले एक कुलूप असा ऐवज वर आला, आणि सर्वांच्या तळाशी पंचात गुंडाळलेला एक फोटो निघाला. नातीने तो उजेडात धरला आणि विचारले, "आजोबा, ह्या बाईंना चेहरा का नाही?"

प्रश्न साधा होता. पण तो माझ्या निवृत्त आयुष्यात शिरला तो अजून पुरता बाहेर पडलेला नाही.

फोटो १९३६ सालचा, पुण्यातल्या एका स्टुडिओत काढलेला. आकार पोस्टकार्डाहून थोडा मोठा. खुर्चीवर आजोबा, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेले, जणू काही फोटो काढणाऱ्याने त्यांचे देणे थकवले आहे अशा मुद्रेने बसलेले. त्यांच्याशेजारी सात वर्षांचे माझे वडील. मधे तिवईवर तीन वर्षांची आत्या, आणि तिच्या मागे नऊवारीतली माझी आजी. ह्या आजीला मी पाहिलेले नाही. पुढच्याच वर्षी विषमज्वराने ती गेली. तिचा हा एकुलता एक फोटो पुढे पंचवीस वर्षे आमच्या नारायण पेठेतल्या घरात, दाराच्या वर, पुष्कळ उंचावर टांगलेला होता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पाणी ओसरल्यावर घरभर साचलेला गाळ आणि त्याचा वास एवढेच मला आठवते. हा फोटो चौकटीसकट त्या गाळात सापडला. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो, आणि चित्र ज्यांनी घडते ते चांदीचे सूक्ष्म कण त्या थरात असतात. थर भिजला की फुगतो, चिकट होतो, आणि वाळताना ज्याला टेकलेला असेल त्याला धरून बसतो. आमचा फोटो काचेला टेकलेला होता. आजोबांनी काच उचलली, आणि आजीचा चेहरा काचेबरोबर निघून गेला. काच तडकलेली होती. ती कोणीतरी गाळाच्या पाटीत टाकली. कोणी टाकली, ह्याची चर्चा आमच्या घरात कधी झाली नाही.

मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. फोटोशॉप नावाचे सॉफ्टवेअर १९९० साली बाजारात आले तेव्हा मी लेजरात मान घालून बसलेला होतो. ते मी शिकलो निवृत्तीनंतर, मुलाने टाकून दिलेल्या संगणकावर. आता नात्यागोत्यातले, शेजारपाजारचे जुने फोटो दुरुस्त करणे हा माझा उद्योग झाला आहे. पैसे घेत नाही, पण चहा मात्र दोनदा घेतो. ह्या कामातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करावा. संगणकात रंगीत चित्र तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन पदरांत साठवलेले असते. पिवळट तपकिरी डाग निळ्या पदरात काळाकुट्ट दिसतो, पण तांबड्या पदरात तो जवळजवळ विरून जातो. डाग पुसावा लागत नाही. ज्या पदरात तो नाही त्या पदरातून पाहावे लागते.

आजीच्या फोटोवर मी दिवाळीपर्यंतच्या रात्री घालवल्या. गाळाचा एक मोठा डाग आजोबांच्या गुडघ्यापासून तिवईपर्यंत पसरला होता. तांबडा पदर उघडला, छायाप्रकाश थोडा ताणला, आणि डागाखालून आत्याचा फ्रॉक वर आला. फ्रॉकच्या कडेला, कमरेपाशी, चार बोटे दिसली. मुलीने फोटो निघेपर्यंत हलू नये, तिवईवरून पडू नये म्हणून आजीने मागून तिचा फ्रॉक मुठीत घट्ट धरला होता. मी खुर्चीतून उठलो आणि उगीच घरात एक फेरी मारून आलो.

बाकीचे काम मग सोपे होते. ओरखडे बुजवले. आजोबांच्या कोटावरून गेलेली भेग शेजारच्याच कापडाचा पोत घेऊन सांधली. उरली ती मधली पांढरी जागा, जुन्या पावलीएवढी. पदर उकरून उपयोग नव्हता, कारण डागाखाली चित्र असते, तसे तिथे काही नव्हतेच.

आणि इथे माझ्या हातून ती गोष्ट झाली. आता ही सॉफ्टवेअरे नुसते पुसत नाहीत. मोकळी जागा आखून दिली की तिथे काय असावे ते स्वतःच रचून देतात. मी ती पांढरी जागा आखली आणि बटण दाबले. क्षणभराने त्याने एक नव्हे, तीन चेहरे पुढे ठेवले. तीन आज्या! एक जरा उग्र होती, एक फारच तरुण होती, तिसरी शांत, किंचित हसरी. साडीच्या दुकानात गादीवर बसून निवडावी तशी मी तिसरी निवडली, आणि कुटुंबातल्या सर्वांना मोबाइलवर धाडून दिली.

काय तो जल्लोष! नागपूरच्या चुलतबहिणीला त्या चेहऱ्यात आमच्या घराण्याचे नाक दिसले. अमेरिकेतल्या भाच्याने आपल्या मुलीचे डोळे ओळखले आणि फोटो मोठा करून भिंतीवर लावला. एका वहिनींनी तर, "सासूबाई सांगायच्या तशाच आहेत अगदी," असे लिहिले. ह्यांपैकी एकानेही आजीला किंवा तिचा धड फोटो पाहिलेला नव्हता. मी चेहरा कुठून आणला हे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटत होते.

तुम्ही म्हणाल, ह्यात नवे ते काय? पूर्वीचे स्टुडिओवाले काचेवर पेन्सिल फिरवून देवीचे व्रण घालवीतच असत. माणूस गेले की घोळक्यातल्या फोटोतून त्याचा चेहरा उचलून मोठा करीत, रंगवीत, आणि खाली एखादा भारी कोट चढवून देत. आमच्या पणजोबांच्या तसबिरीतला कोट त्यांच्या अंगाला कधी लागला नसावा असा माझा दाट संशय आहे. त्या कोटाने कोणाचे काही बिघडले नाही. मग ह्या चेहऱ्यानेच काय घोडे मारले?

मीही मनाशी असाच वाद घालीत होतो. पण बँकेतला माणूस पडलो. मला फाटक्या नोटा आठवू लागल्या. फाटकी नोट आली तर बँक ती झिडकारीत नाही. उरलेल्या तुकड्याचे क्षेत्रफळ पाहून पूर्ण किंवा अर्धी किंमत देते, फारच थोडे उरले असेल तर नाही म्हणते. पण गेलेला कोपरा कोणी हाताने रंगवून आणला तर? कोपरा कितीही हुबेहूब असो, अशी नोट घेता येत नाही. फाटकेपणा हा अपघात असतो. रंगवलेला कोपरा हा दावा असतो.

कोटाची भेग मी बुजवली तेव्हा दोन्ही बाजूंचे कापड मला दिसत होते. मधे दुसरे काही असणे शक्य नव्हते. चेहऱ्याचे तसे नाही. कपाळाच्या एका कडेवरून आणि खांद्यावरच्या पदरावरून चेहरा काढता येत नाही. जिथे मला माहीत होते तिथे मी दुरुस्ती केली, आणि जिथे माहीत नव्हते तिथे माहीत असल्याचा आव आणला. पणजोबांच्या कोटाखाली चेहरा तरी पणजोबांचा होता. इथे कोट आजीचा आणि चेहरा कोणाचा?

अजिंठ्याला जो गेला आहे त्याने हे पाहिलेले असते. जिथे गिलावा निखळून पडला आहे तिथे साधा, मातकट गिलावा भरलेला आहे. कोणी नवी राजकन्या रंगवलेली नाही. १९२० ते १९२२ ह्या काळात निजामाच्या राज्याने इटलीहून कारागीर आणवून ही चित्रे पक्की करून घेतली, तेव्हा त्यांवर जे लाखेचे रोगण चढवले ते पुढे पिवळे पडले आणि पुढच्यांना ते उतरवीत बसावे लागले. चांगल्या हेतूने घातलेली भरही कधीकधी डाग होते. त्याच इटलीत, रोमला, जीर्णोद्धाराची मध्यवर्ती संस्था १९३९ साली स्थापन झाली. तिचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी ह्यांनी एक रीत घालून दिली. चित्रातली गेलेली जागा भरायचीच झाली तर ती बारीक उभ्या रेघांनी भरायची. दुरून पाहिले तर चित्र अखंड वाटते, जवळ गेले की रेघा दिसतात आणि कळते की एवढे मूळचे नव्हे. आणि जिथे काय होते ह्याचा पुरावाच नाही, तिथे नवे चित्र रचायचे नाही. मला ही रीत मोठी सभ्य वाटते. ती पाहणाऱ्याला सुखही देते आणि फसवीतही नाही.

माझ्या फोटोत तशी एकही रेघ नव्हती.

आता उरली आत्या. ती नव्वदी ओलांडून साताऱ्याला असते. मोबाइल वापरत नाही, म्हणून तिला अजून हे काही ठाऊक नव्हते. पुराच्या वेळी ती अठ्ठावीस वर्षांची, लग्न होऊन सासरी गेलेली होती. म्हणजे तो चेहरा ज्याने पाहिला आहे असे जगात आता तीच एक माणूस. तिच्या डोळ्यांना डोळा भिडवल्याशिवाय माझी सही पुरी होणार नव्हती. भाऊबीजेनंतर मी दोन्ही प्रती घेऊन गेलो, एक चेहऱ्याची आणि एक पांढऱ्या जागेची, दोन्ही हातभर मोठ्या. वाटेत ठरवले होते की आधी खरे सांगायचे. तिथे पोचल्यावर मी भित्र्यासारखी आधी चेहऱ्याची प्रत पुढे ठेवली.

तिने चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पाहिले.

"सुरेख आहे रे," ती म्हणाली. "कोणाच्या तरी आईसारखी आहे."

मग मी सगळे सांगितले. तीन चेहरे, मी केलेली निवड, नागपूरचे नाक, सगळे. ती रागावली नाही.

"इतकी वर्षं तो फोटो बघत होते," ती म्हणाली, "रोज दिसायचा म्हणून कधी नीट बघितलाच नाही. आता डोळे मिटले की कधीतरी पुसटशी दिसते. नेहमी नाही. हा फोटो समोर राहिला ना, तर तिच्या जागी हीच दिसायला लागेल. हा नको ठेवूस."

हे मला सुचले नव्हते. मी समजत होतो की पांढरी जागा रिकामी आहे. ती रिकामी नव्हती. साताऱ्याच्या एका म्हातारीच्या मनात तिथे अजून कोणीतरी येऊन जाऊन होते, आणि मी तिथे एक परकी बाई आणून बसवली होती.

मग तिने दुसरी प्रत घेतली. पांढऱ्या जागेकडे तिने फारसे पाहिले नाही. तिचे बोट हळूहळू खाली आले आणि फ्रॉकपाशी थांबले.

"हे काय?"

"हात आहे आत्या. तू पडू नयेस म्हणून तिनं मागून धरलंय."

"हाही त्या यंत्रानंच केला?"

"नाही. हा गाळाखाली होता. मी फक्त गाळ काढला."

"हे मी कधी पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. दार उंच, फोटो लहान, कशी पाहणार? तिने आपला हात फोटोशेजारी ठेवला. तिची करंगळी जन्मापासून थोडी वाकडी आहे. फोटोतलीही वाकडी आहे असे तिचे म्हणणे पडले. ते वाकडेपण बोटाचे की फ्रॉकच्या चुणीचे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण जे काही होते ते १९३६ साली त्या चांदीच्या कणांनी टिपलेले होते. माझ्या पदरचे त्यात काही नव्हते. त्यामुळे मी वाद घातला नाही, आणि होकारही दिला नाही.

घरी आल्यावर मी सर्वांना खुलासा धाडला. तो जल्लोषाइतका कोणाला आवडला नाही. अमेरिकेतल्या भाच्याने चौकट अजून उतरवलेली नाही. त्याच्या मुलीला ती पणजी आवडते म्हणतो. एकदा पाठवलेली आजी परत बोलावता येत नाही, हे मला आता कळले आहे. निदान त्या चौकटीमागे हा चेहरा कल्पनेचा आहे एवढे लिहून ठेव, असे मी त्याला विनवले आहे.

आमच्याकडे मात्र पांढऱ्या जागेची प्रत लागली आहे, आणि ह्या खेपेस दाराच्या वर नव्हे, डोळ्यांच्या उंचीवर. तिच्या मागे मी पेन्सिलीने काय पुसले, काय सांधले आणि काय तसेच ठेवले त्याची यादी लिहिली आहे. मूळ फोटो आणि मूळ स्कॅन वेगळे जपून ठेवले आहेत. लक्ष्मीपूजनाला येणारे पाहुणे फोटोपुढे थबकतात आणि नातीने विचारला होता तोच प्रश्न विचारतात. मग नात त्यांना पानशेतची गोष्ट सांगते, काचेची सांगते, आणि शेवटी त्यांना जवळ बोलावून म्हणते, "चेहरा नाहीये, पण इथे हात बघा."