गिटारवादकाची शैली कुठून येते

वादकाची शैली त्याची स्वतःची असते, असे सहज म्हटले जाते. पण गिटार हाती घेणारा कोणीही आधी दुसऱ्याचेच वाजवतो. सुरावटी, बोटांची ठेवण, स्वर लांबवण्याची रीत, सगळे उसने असते. या उसन्याचे आपले कधी होते, हा सौंदर्यशास्त्राइतकाच ‘स्व’ म्हणजे काय याचाही प्रश्न आहे.

शैली मर्यादेतून जन्मते, हे त्याचे एक प्रचलित उत्तर. त्यासाठी जँगो राइनहार्टचा दाखला दिला जातो. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेल्या या रोमा वादकाचा डावा हात १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला आणि अनामिका व करंगळी कायमची आखडली. ती दोन बोटे काही कॉर्ड धरण्यापुरती उरली. बाकीची सारी धावपळ तर्जनी आणि मध्यमेवर आली. चार बोटे एका जागी पसरता येत नाहीत म्हणून हात गिटारच्या मानेवरून वरखाली झेपावू लागला. १९३४ पासून स्तेफान ग्रापेलीच्या व्हायोलिनबरोबर पॅरिसमध्ये गाजलेले ते वादन आजही त्या झेपेवरून ओळखता येते.

मात्र हे उत्तर अपुरे आहे, आणि ते बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीवरून दिसते. १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची रेकॉर्ड ऐकवली तेव्हा त्याने पुन्हा गिटार उचलली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे लावले, तारा हलक्या घेतल्या. पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडच्या १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’त काही गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर उतरवल्या. दोघांचीही दोनच बोटे जायबंदी झाली होती, तरी एकाच्या हातून चपळ, लखलखते जॅझ आले आणि दुसऱ्याच्या हातून जड, काळोखे रॉक. आयोमीने जँगोकडून सूर घेतला नाही, हिंमत घेतली. दुखापतीने एक वाट बंद केली. कोणती उघडायची, ते ज्याच्या त्याच्या कानाने ठरवले.

ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. नात्यातला बुका व्हाइट तारांवर नळी सरकवून जो सूर काढी, तो किंगला मनापासून हवा होता, पण नळीचे तंत्र काही हाताला बसेना. मग दाबलेले बोटच तारेवर वेगाने थरथरवून तो त्या सुराच्या मागे लागला आणि हीच थरथर त्याची ओळख झाली. तंत्र जमत नाही एवढ्याने काहीच घडले नसते. हवेसे वाटणे आणि न जमणे, दोन्ही एकत्र आले तेव्हा शैली घडली.

म्हणूनच नक्कल करण्यात काही उणेपणा नाही. जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरीने आधीच्या पिढीतल्या चार्ली ख्रिश्चनचे एकल गिटारवादन रेकॉर्डवरून स्वर न स्वर पाठ केले आणि सुरुवातीला क्लबांत तेच वाजवले. पण त्याचा हात वेगळा होता. पिकऐवजी तो अंगठ्याने तार छेडी आणि एकच सुरावट सप्तकाच्या अंतराने दोन तारांवर एकदम वाजवी. मूळ इतके नेमके पाठ असल्याशिवाय आपण त्यापासून कुठे सुटतो, हे वादकाला कळणे अवघड आहे. ब्रिजभूषण काबरांचा आदर्श तर गिटारवादकच नव्हता. सरोदिये अली अकबर खाँ यांचे हे शिष्य. रागसंगीतातली मींड गिटारमधून काढण्यासाठी त्यांनी आडव्या गिटारवर पोलादी दांडी सरकवली आणि वाद्याला चिकारीच्या तारांची जोड दिली. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या अल्बममध्ये, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर, तो सूर ऐकायला मिळतो.

श्रेष्ठ गिटारवादक कोण, हा न संपणारा वाद यामुळे वेगळ्या उजेडात दिसतो. त्यात वेग, प्रभाव आणि आवड यांची सरमिसळ होते, आणि क्रमवारी लावून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. बी. बी. किंग हा टी-बोन वॉकर या गिटारवादकाचे नाव घेई, ते वॉकरच्या इलेक्ट्रिक गिटारचा सूर ऐकून तशीच गिटार आपल्यालाही हवीशी वाटली म्हणून. अशा मताला सर्वमान्य असण्याची गरज नसते. काय हवे, ते त्यात नेमके सांगितलेले असते, आणि सराव कशाचा करायचा हे त्यावरून ठरते.