फिरत्या पाण्याचा ताठा

पृथ्वीच्या पोटात वितळलेला रस आहे की ती आरपार घन आहे, हा एकोणिसाव्या शतकातला मोठा वाद होता. खोदून पाहण्याची सोय नव्हती. केंब्रिजचे गणिती विल्यम हॉपकिन्स यांनी १८३९च्या सुमारास आकाशातून उत्तर काढायचे ठरवले. सूर्य-चंद्राच्या ओढीमुळे पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा पुरा करतो. याला परांचन म्हणतात. कवच पातळ आणि आत द्रव असेल, तर कवच द्रवावरून घसरेल आणि परांचनाचा वेग वेगळा येईल, असा त्यांचा तर्क होता. त्यांच्या हिशेबाने कवच निदान त्रिज्येच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतके जाड असायला हवे होते.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हा युक्तिवाद उचलून धरला होता. १८७६ मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी तो जाहीरपणे मागे घेतला. त्याच वर्षी अमेरिकेत खगोलविद सायमन न्यूकोम यांच्याशी बोलताना त्यातली खोट त्यांच्या ध्यानात आली होती. पृथ्वी एकूण ताठ आहे हे मत त्यांनी भरती-ओहोटीच्या आधारावर पुढेही सोडले नाही. पण परांचनाचा पुरावा त्यांनी टाकून दिला. फिरत्या द्रवाच्या अभ्यासाची खरी सुरुवात मी या माघारीपासून धरतो. आत द्रव आहे की नाही, हा जुना प्रश्न होता. भिंत डुलली की आतला फिरता द्रव काय करतो, हा नवा प्रश्न आता पुढे आला, आणि तो अधिक खोल होता.

केल्विन नुसत्या कागदावर थांबले नाहीत. पातळ धातूचे गोळे पाण्याने गच्च भरून त्यांनी ते भोवऱ्यासारखे फिरवले. ध्रुवांपाशी किंचित चपटा केलेला गोळा घन भोवऱ्यासारखा तोल सांभाळी. तितकाच किंचित लांबट गोळा मात्र मुळी उभा राहत नसे. पाणी तेच असून भिंतीच्या आकारातल्या बारीक फरकाने निकाल पार उलटला. चपट्या कवचाचा अक्ष सावकाश वळला की द्रवाचा दाब भिंतीवर असा पडतो, की द्रवही कवचाबरोबर वळतो. हॉपकिन्स यांच्या हिशेबात आतला द्रव नुसता भरलेला होता. फिरण्यामुळे त्याला आलेला ताठा त्यात धरलेला नव्हता.

हा ताठा येतो कुठून? स्थिर पाण्यातला थेंब बाजूला सारला, तर त्याला मूळ जागी ओढणारे काही नसते. फिरत्या पाण्यात सरकलेल्या थेंबावर कोरिऑलिस बल काम करते, त्याची वाट सतत वळवते आणि त्याला गोल फिरवून पुन्हा जागेवर आणते. बाजूला सारले की परत येणे ही कोणत्याही लहरीची पूर्वअट असते. पाण्याला मोकळा पृष्ठभाग नसला, ते दाबले जात नसले, तरी निव्वळ फिरण्याच्या जोरावर त्यात लहरी उठू शकतात. केल्विन यांनी १८८० मध्ये स्तंभाकार भोवऱ्याच्या कंपनांचे गणित मांडले. आज या लहरींना जडत्व लहरी म्हणतात.

त्यांचा स्वभाव मात्र नेहमीच्या लहरींहून वेगळा आहे. द्रवाच्या फिरण्याच्या वारंवारतेच्या दुपटीपर्यंतच त्या संभवतात. त्यापलीकडच्या तालावर भिंत हलवली तर हालचाल जागच्या जागी विरते, दूर जात नाही. लहरीची ऊर्जा अक्षाशी कोणत्या कोनात धावेल, हेही केवळ तालावर ठरते. ताल अगदी मंद असेल तर ती जवळजवळ अक्षालगत धावते. जी. आय. टेलर यांनी १९२३ मध्ये फिरत्या टाकीच्या तळाशी एक बुटका अडथळा सरकवून पाहिला, तेव्हा त्याच्या डोक्यावरचा पाण्याचा अख्खा स्तंभ त्याच्याबरोबर सरकला. ताल जलद करत नेला की ऊर्जेच्या पट्ट्या अक्षापासून दूर कलतात. जर्मन गणिती ग्यॉर्टलर यांनी १९४०च्या दशकात दाखवले, की फिरत्या पाण्यात लहान तबकडी वरखाली हलवली तर तिच्यापासून तिरप्या पट्ट्या फुलीसारख्या पसरतात.

या पट्ट्यांचे परावर्तन मला सर्वांत विलक्षण वाटते. प्रकाश आरशावर ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, आणि तो कोन आरशाशी मोजायचा असतो. जडत्व लहर भिंतीवर आपटली तरी तिचा अक्षाशी असलेला कोन कायम राहतो. भिंत उतरती असेल तर परतताना पट्टी अरुंद होते आणि ऊर्जा एकवटते. भांड्याचा आकार इथे निर्णायक ठरतो तो यामुळे. या लहरींचे, पोआंकारे यांच्या नावाने ओळखले जाणारे समीकरण बंद भांड्यात सोडवताना गणिती आजही जेरीस येतात, त्याचेही कारण हेच.

पूर्ण गोल भांडे मात्र समजूतदार असते, आणि त्यावरचा एक प्रयोग या सगळ्या कथेत मला फार जवळचा आहे. कीथ ऑल्ड्रिज आणि अलार टूमरे यांनी १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला. (टूमरे हे नाव खगोलशास्त्रात दीर्घिकांच्या चकत्यांसाठी अधिक ओळखीचे आहे.) त्यांनी पाण्याने भरलेला गोल एकसारखा फिरवला आणि त्याचा वेग एका ठरावीक तालावर किंचित कमी-जास्त केला. गोलाची भिंत स्वतःच्या पृष्ठभागातच मागेपुढे सरकते, पाण्याला ढकलत नाही. पाण्याला तिची खबर लागते ती फक्त भिंतीला चिकटलेल्या पातळ थरातून. सेकंदाला एक फेरा घेणाऱ्या पाण्यात हा थर अर्धा मिलिमीटरही जाड नसतो. पण तो आळीपाळीने पाणी शोषतो आणि सोडतो, आणि ताल नेमका जुळला की गोलभर लहरी उभ्या राहतात. दाब मोजून त्यांनी हे अनुनाद पकडले आणि ते सिद्धान्ताशी जुळले. डुलणे किती मोठे याहून ते कोणत्या तालाचे, हे महत्त्वाचे ठरले.

पृथ्वीचा गाभा असा सुबक नाही. इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये दाखवले की द्रव गाभ्याच्या मधोमध आणखी एक गाभा आहे. तो घन आहे हे पुढे ठरले. गोलात असा घन गोळा बसवला की सुटसुटीत कंपने मोडतात. १९९०च्या दशकात मिशेल रियुतोर आणि लोरेन्झो वाल्देतारो यांनी दाखवले, की अशा पोकळीत लहरींची ऊर्जा परावर्तित होत होत काही बारीक वाटांवर गोळा होते. अशा लहरी पृथ्वीत प्रत्यक्ष दिसतात का? ब्रुसेल्सच्या गुरुत्वमापकात १९८०च्या दशकात जवळपास १४ तासांचा कंप दिसला, आणि १९८७ मध्ये तो गाभ्यातल्या जडत्व लहरींशी जोडला गेला. दुसऱ्या उपकरणांत तो सापडला नाही. पृथ्वीपुरता हा पुरावा उभा राहिला नाही, असे माझे मत आहे.

डुलण्यावरून पोटातला द्रव ओळखता येतो का, याचे खात्रीचे उत्तर आले बुध ग्रहाकडून. कच्चे अंडे फिरवताना कवच चटकन डुलते, आतला बलक मागे राहतो. उकडलेले अंडे एकसंध फिरते. स्टॅन्टन पील यांनी १९७६ मध्ये सुचवले, की याच न्यायाने बुधाच्या डुलण्यावरून त्याच्या पोटातले कळेल. २००७ मध्ये जाँ-ल्यूक मार्गो आणि सहकाऱ्यांनी रडारने ते मोजले. ८८ दिवसांच्या तालावर बुधाचे कवच सुमारे ३६ विकला डुलते, म्हणजे विषुववृत्तावर चारशे मीटरहून थोडे जास्त. घन बुध याच्या निम्माच डुलला असता. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राचे डुलणे ०.१२ अंश निघाले, आणि त्याच्या बर्फाखाली सलग महासागर आहे हे २०१५ मध्ये सिद्ध झाले. हॉपकिन्स यांची पद्धत शेवटी खरी ठरली. फक्त ताल योग्य निवडावा लागला.

ही दोन्ही डुलणी जडत्व लहरींच्या मर्यादेत बसतात, म्हणून आतला द्रव गप्प असेल असे धरता येत नाही. फ्रिट्झ बुसे यांनी २०१० मध्ये दाखवले, की गोल भिंतीच्या मागेपुढे सरकण्याची सरासरी शून्य असली तरी द्रवात एक कायमचा प्रवाह उरतो. मग अशी ढवळ ग्रहाचे चुंबकत्व निर्माण करू शकेल का? विलेम माल्कस यांनी १९६८ मध्ये पृथ्वीचे चुंबकत्व परांचनातून येते असा दावा केला होता. सात वर्षांनी ऊर्जेच्या हिशेबावरून त्यावर कडाडून टीका झाली आणि तो मागे पडला. टीका योग्य होती, पण तिने प्रश्न मिटवला असे मला वाटत नाही. गाभा खवळला तर ऊर्जेचा हिशेब बदलतो.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या हेल्महोल्ट्झ केंद्राने याच प्रश्नासाठी यंत्र उभारले आहे. दोन मीटर व्यासाच्या नळकांड्यात आठ टन द्रव सोडियम, सेकंदाला दहा फेरे, आणि त्याच वेळी संपूर्ण नळकांड्याचे सेकंदाला एक परांचन, असा त्याचा आराखडा आहे.