खिशातला सोबती

गेल्या थंडीत माझा भाचा हरिश्चंद्रगडावर एकटाच गेला. (सुखरूप परत आला, हे आधीच सांगून टाकतो, सणासुदीला वाचकाला घोर नको.) निघण्यापूर्वी पंधरा दिवस त्याला एकच ध्यास होता: चाकू कोणता घ्यावा? पाते, पक्कड, करवत, पेचकस असे सारे एका मुठीत घडी घालून बसलेले असते ना, तसला.

आपला कोकणातला माणूस आकडीला कोयता अडकवून रानात शिरतो आणि त्या एका पात्यावर दिवस काढतो. त्याच्यापुढे ही खिशातली लोहारशाळा जरा हास्यास्पदच! तरी मी मोठ्या गांभीर्याने सल्ला दिला. हत्यारे मोजू नकोस. पाते उघडल्यावर खटक्याने अडकते ना, ते पाहा. नाहीतर जोर देताच ते आपल्याच बोटांवर मिटते. धार घरच्या दगडावर लावता आली पाहिजे. आणि एका हाताने, तेही डाव्या, उघडता आले पाहिजे.

"डाव्या कशाला, मामा?"

मी त्याला अ‍ॅरन रॉल्स्टनची हकीकत सांगितली. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, ब्लूजॉन कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत हा २७ वर्षांचा तरुण एकटा उतरला. एक धोंडा निसटला आणि त्याचा उजवा हात कड्याशी चेपला गेला. जवळ असलेच एक हत्यार होते, पण स्वस्तातले. धोंडा पोखरण्यात त्याची होती ती धारही गेली. पाच दिवसांनी त्याच हत्याराने त्याने स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. फराळाच्या ताटापुढे अधिक वर्णन नको.

"म्हणजे पोलाद चांगले हवे," भाचा म्हणाला.

पोलाद हवेच. पण कुठे जातो हे रॉल्स्टनने कुणालाच सांगितले नव्हते. कामावर आला नाही म्हणून सोबत्यांना शंका आली, आईने शोध सुरू करविला, त्याची गाडी सापडली, म्हणून तर त्या मुलखावर हेलिकॉप्टर फिरत होते. रक्तबंबाळ होऊन चालत असता वाटेत भेटलेल्या प्रवाशांनी त्याला पाणी दिले, आणि मग ते हेलिकॉप्टर आले.

"पण सांगून गेलो तर मी एकटा कसा? मनाने तुम्ही सारे माझ्याबरोबर चढणार!"

या प्रश्नाने मी अडलो. एकांत हवासा वाटणे हा काही अपराध नाही. विशीत मीही न सांगता निघून जात असे. त्या मोकळेपणाची चव अजून जिभेवर आहे. त्याची किंमत मात्र मी दिली नव्हती. दिवा न मालवता उंबऱ्यात बसलेली आई ती देत होती. मग तो मोकळेपणा माझा, की उसना? भाच्याला हे सांगावे असे ओठांवर आले होते, पण सांगवेना. कारण त्या उसनवारीचा मला पश्चात्ताप होतो, असे खरेपणाने म्हणता येत नव्हते.

चाकू त्याने चांगला घेतला. निघाला त्या पहाटे देवघरात, समईखाली दाबून ठेवलेली चिठ्ठी सापडली: हरिश्चंद्रगड, रविवारी रात्री परत. बहिणीने ती दोनदा वाचली आणि माझ्या हाती दिली. पाचनईची वाट सोपी, तोलार खिंडीची लांबची, नळीची जिवावरची. कोणत्या वाटेने, ते त्याने लिहिले नव्हते.