पाण्यात किती माणसं?

एकच पूर घ्या. खरा नाही, संगणकावर उभा केलेला. शंभर वर्षांत एखाद्या वेळी येईल एवढा मोठा. तो 18 विकसनशील देशांच्या नकाशावर पसरवा आणि पाण्याखाली किती माणसं येतात ते मोजा. 2019 साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकातल्या एका अभ्यासानं हेच केलं. लोकसंख्येचा एक नकाशा वापरला तर उत्तर आलं 13 कोटी 40 लाख. दुसरा वापरला तर 12 कोटी 20 लाख. तिसरा, सर्वांत बारीक नकाशा वापरला तर 10 कोटी 10 लाख. पाणी तेच, देश तेच. मग मधली 3 कोटी 30 लाख माणसं गेली कुठे?

अभ्यासकांच्या मते ती पुराच्या वाटेत नव्हतीच. जनगणनेतून गावाचा किंवा वॉर्डाचा एक आकडा मिळतो. ढोबळ नकाशात तो आकडा रिकाम्या शिवारावरही थोडा थोडा शिंपडला जातो. एखाद्या चौकोनाच्या वाट्याला 0.4 माणूससुद्धा येतो. बारीक नकाशा उपग्रहाच्या फोटोत घरं शोधतो आणि माणसं तिथंच ठेवतो. मग दिसतं की पूर येणारी जागा लोक बऱ्यापैकी टाळतात. गावठाण चढावर का असतं, हे कुठल्याही आजीला विचारलं असतं तरी चाललं असतं म्हणा.

यावर नेहमीचं म्हणणं असं की आकडा चुकायचाच असेल तर जास्तीकडे चुकू दे, त्यात कुणाचं काय बिघडतं? मला हे पटत नाही. एका तालुक्यात नसलेल्या माणसांसाठी पाठवलेली बोट दुसऱ्या तालुक्यात पोचत नाही. पण मला जास्त खटकतं ते दुसरंच. बारीक नकाशा घरं पाहतो. उड्डाणपुलाखाली झोपणारा माणूस उपग्रहाला दिसत नाही. शिवारावर चुकून टाकलेल्या माणसाची किंमत पैशात भरता येते, वगळलेल्याची नाही. म्हणून या दोन चुका मी एका तराजूत घालणार नाही.

शिवाय घर जागचं हलत नाही, माणसं हलतात. 2011ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम असतो. कोल्हापूर-सांगलीच्या उसात बीडकडच्या तोडणी कामगारांच्या कोप्या असतात. पंचगंगा आणि कृष्णा फुगतात जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा ती माणसं आपापल्या गावी असतात. पंढरपुरात उलटं. गाव जेमतेम लाखाच्या घरातलं, पण आषाढीला, ऐन पावसाळ्यात, चंद्रभागेच्या वाळवंटात लाखो लोक उतरतात. फेब्रुवारीच्या आकड्यात त्यांचा पत्ता नाही.

त्यात 2021ची जनगणना वेळेवर झालीच नाही. त्या वर्षी जुलैत कोल्हापूर पुन्हा बुडालं, तेव्हा घराघरांतलं दहा वर्षांच्या आतलं एकही मूल जनगणनेत नव्हतं. वाढीचा दर लावून त्यांचा अंदाज बांधता येतो. पण अंदाजात धरलं जाणं म्हणजे मोजलं जाणं का? हिशेबाला फरक पडत नसेल. एखाद्या आईला हा प्रश्न विचारायची माझी तरी हिंमत नाही.

तुम्ही म्हणाल, सगळ्यांच्या खिशात फोन आहे, टॉवरच्या नोंदी घ्या. नेपाळमध्ये 2015च्या भूकंपानंतर असं करून लोक कुठे गेले याचा अंदाज घेतला गेला, आणि तो कामाला आला. पण ‘सगळ्यांच्या’ हा शब्दच फसवा आहे. घरात फोन एक, तो बापाबरोबर शहरात, आणि पूर गावाकडे.

धरण, पूररेषा, विमा अशा सावकाश ठरणाऱ्या गोष्टींसाठी मी तो बारीक नकाशाच निवडेन, कमी आकड्यासकट. मात्र तो देणाऱ्यानं आपल्या हिशेबात कोण बसलं नाही हे आकड्याशेजारीच लिहायला हवं, तळटीपेत नाही. पाणी चढत असतानाच्या रात्री कामाला येते ती गावातली आशाताई. कुणाची आजी अंथरुणाला खिळली आहे, कोण बाळंतपणाला माहेरी आलंय, वीटभट्टीच्या आडोशाला कुणाचं पाल आहे, हे तिला पाठ असतं. तिची माहिती 18 देशांत बेरीज करून छापता येत नाही, आणि बहुतेक वेळा तिला कुणी विचारतही नाही.