हजला निघण्यापूर्वी बहिणीचा वाटा

हजच्या प्रशिक्षण शिबिरांत विचारले जाणारे प्रश्न मोठे सूक्ष्म असतात. एहरामात अनवधानाने केस तुटला तर काय करावे? साबणाला सुगंध असेल तर चालेल काय? ही दक्षता कौतुकास्पदच आहे. इबादतीत हलगर्जीपणा नसावा. परंतु ज्या पैशातून हा प्रवास घडणार आहे, त्यात बहिणीचा वारसाहक्क मिसळलेला आहे काय, असे क्वचितच कोणी विचारतो.

हजमधील बहुतेक त्रुटींची भरपाई शरीअतने नेमून दिली आहे. एखादे वाजिब सुटले, तर ‘दम’ म्हणून बकऱ्याची कुर्बानी देऊन ती उणीव भरून निघते. अरफातचे थांबणे मात्र रुक्न आहे. जिलहज्जच्या ९ तारखेच्या दुपारपासून १० तारखेच्या पहाटेपर्यंत तेथे क्षणभरही पोहोचता आले नाही, तर त्या वर्षीचा हज हुकला. पण हे झाले अल्लाहचे हक्क. बंद्याचा हक्क बुडविला, तर त्यासाठी कोणताही दम सांगितलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, दुराचारापासून दूर राहून हज करणारा नवजात बालकासारखा निष्पाप होऊन परततो, अशी हदीस आहे ना? आहे, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. परंतु सोळाव्या शतकातील हनफी फकीह इब्ने नुजैम यांनी तिचा अर्थ लावताना एक मर्यादा स्पष्ट केली. हजने मोठे गुनाह धुतले जातात असे मानले, तरी त्याने कर्ज फिटत नाही. फार तर ते चुकविण्यास केलेल्या विलंबाचा गुनाह मिटेल. आणि अरफातनंतर पुन्हा टाळाटाळ केली, तर गुनाह नव्याने सुरू होतो! १० हिजरीत त्याच मैदानात प्रेषितांनी (स.) माणसाचे रक्त आणि माल त्या दिवसाइतके, त्या महिन्याइतके, त्या नगरीइतके पवित्र ठरविले होते.

निघण्यापूर्वी नातलगांकडे जाऊन ‘कहा-सुना माफ करा’ म्हणण्याची आपल्याकडे सुंदर रीत आहे. बहीणही डोळे पुसत ‘माफ केले’ म्हणते. दुसरे ती काय म्हणणार? नाही म्हटले तर माहेर तुटते. फिकहचा नियम मात्र असा की, ‘मी माझा हक्क सोडला’ एवढे म्हटल्याने वारसाचा हिस्सा संपत नाही. वाटा वेगळा करून तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने आपखुशीने परत दिला, तर ती देणगी होय. संकोचापोटी हक्कसोड पत्रावर केलेली सही तलाठ्यापुढे चालेल, अल्लाहपुढे नाही.

तो वाटा वजा केल्यावर प्रवासखर्च उरत नसेल, तर त्या भावावर हज फर्जच झालेला नाही. आणि उरत असेल, तर वाटणी आधी उरकून घेण्यास काय हरकत आहे? शाफई मसलकात तर, इरादा पक्का असल्यास, हज पुढील वर्षी करण्याची मुभाच आहे; कोकणातील आपले बांधव हे जाणतात.